आवाज कुणाचा, हा प्रश्नच चुकलाय

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी दरवर्षी एकच भांडण होतं. कुणीतरी रात्री गॅलरीतून काढलेला व्हिडिओ टाकतं. डीजेच्या भिंती, त्यापुढे नाचणारी पोरं, आणि आवाजाच्या जागी नुसती फाटकी खरखर. खाली पहिला मेसेज येतो, ‘हे थांबायला हवं.’ दुसरा, ‘पहाटेच्या भोंग्याबद्दल बोला की जरा.’ तिसरा, ‘वर्षातून दहाच दिवस असतात.’ चौथा, ‘थर्टीफर्स्टला बरं चालतं!’ दुपारपर्यंत शंभरावर मेसेज होतात, दोघे-तिघे ग्रुप सोडतात आणि संध्याकाळी सेक्रेटरी टाकी धुण्याची सूचना टाकून विषय बुडवतात. आवाज किती होता, किती वाजेपर्यंत होता, कुणाच्या घरात किती शिरला, हे त्या शंभरातल्या एकाही मेसेजात नसतं.

‘अरे, आवाज कुणाचा?’ ही आरोळी मराठी माणसाच्या कानात बसलेली आहे. राजकीय सभेत ती घुमते, कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेत निकालाआधी नाट्यगृह दणाणून सोडते. तिथे ती शोभतेही. पण रहिवासी वस्तीतल्या गोंगाटाचा विचारही आपण त्याच आरोळीने करतो, आणि म्हणून वीस-पंचवीस वर्षं वाद घालून हाती काही लागलेलं नाही. माझं म्हणणं सरळ आहे. वाजवणारा कोण हे बघूच नका. ऐकणाऱ्याच्या खिडकीत किती आवाज पोहोचला ते मोजा, आणि तो आवरण्याची जबाबदारी परवानगी मागणाऱ्यावर आणि देणाऱ्यावर टाका. आज ती सगळी तक्रार करणाऱ्याच्या डोक्यावर आहे. घोडं तिथेच पेंड खातं.

कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणा निघाला. २००० साली केंद्राने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्या भोवतालच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहा ते सहा. त्या वेळात बंदिस्त सभागृह सोडून कुठेही लाउडस्पीकर नाही. सणासुदीला राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, तीही वर्षातले १५ दिवसच. या आकड्यांत धर्म, जात, पक्ष कुठे आहे? त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात चेन्नईच्या एका चर्चचं प्रकरण गेलं होतं. तिथल्या ड्रम-गिटारच्या प्रार्थनेचा शेजारच्या वसाहतीला त्रास होत होता. दुसऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करा असं कुठलाच धर्म सांगत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. पुढे १८ जुलै २००५ चा मोठा निकाल आला. त्यातली याचिका उभी राहिली ती वर्तमानपत्रातल्या एका बातमीवरून. १३ वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला, ती ओरडत होती, आणि शेजारी लाउडस्पीकर इतका जोरात चालू होता की कुणाला ऐकूच गेलं नाही. हे प्रकरण आठवलं की मला ‘कुणाचा लाउडस्पीकर’ हा प्रश्न फार हलका वाटायला लागतो.

मग हा प्रश्न आपल्याला चिकटला कुठून? तो जुना आहे. १८९३ च्या मुंबईच्या दंग्यापासून, १८९४ साली पुण्यात दारूवाला पुलाजवळ झालेल्या मारामारीपासून, ‘मशिदीपुढची वाद्यं’ हा आपल्याकडे मानापमानाचा मामला झाला. त्या भांडणात झोप मोडल्याची तक्रार कुणाचीच नव्हती. वाद्य थांबलं तर कोण वाकला आणि वाजलं तर कोण जिंकला, एवढाच हिशोब. आवाज तेव्हा झेंडा होता, आणि झेंड्याचे डेसिबल कुणी मोजत नाही. २०२२ च्या गुढीपाडव्याला शिवाजी पार्कावरून राज ठाकरेंनी मशिदींवरच्या भोंग्यांचा विषय काढला तेव्हा तोच हिशोब पुन्हा सुरू झाला: भोंगे उतरवा, नाहीतर समोर दुप्पट आवाजात हनुमान चालिसा लावू. दुप्पट! आवाज कमी करण्याच्या मागणीतच आवाज वाढवण्याची धमकी होती, आणि त्यातला विनोद फारशा कुणाला टोचला नाही. मजा म्हणजे नांदेड जिल्ह्यातल्या बारड गावाने त्याच्या काही वर्षं आधीच ठराव करून सगळ्याच प्रार्थनास्थळांवरचे भोंगे उतरवले होते. तिथे कुणाचा आधी, कुणाचा नंतर, ही भानगडच ठेवली नाही. आणि गोव्यात अंजुना-वागातोरच्या लोकांना विचारा. त्यांच्या रात्री नासवणाऱ्या पार्ट्यांना ना धर्म आहे ना परंपरा. तरी तक्रारीचं तिथेही हेच होतं: पोलीस येतात, आवाज उतरतो, पोलीस जातात, आवाज चढतो.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं. त्यातलं बरंच मला खोडता येत नाही.

‘बाकीचे साडेतीनशे दिवस रस्ता ओरडतो, बांधकामं ओरडतात, त्याचं काय?’ रास्त सवाल आहे. माझ्या खिडकीसमोर गेली दोन वर्षं जुन्या इमारतीचा पुनर्विकास चालू आहे. सकाळी आठला ब्रेकर सुरू होतो, आणि स्लॅबच्या दिवशी काँक्रीटचे मिक्सर रात्री एकपर्यंत रिव्हर्स हॉर्न वाजवत मागेपुढे होत राहतात. नियमाप्रमाणे रहिवासी भागात रात्री आवाज करणारी बांधकाम यंत्रं चालवता येत नाहीत आणि हॉर्नही वाजवता येत नाही, अगदी आणीबाणी सोडून. हा नियम किती जणांना ठाऊक आहे? २०२० च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी काही सिग्नलवर गंमत केली होती: हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून. लोक हसले, व्हिडिओ जगभर फिरला, विषय संपला. तर हो, रोजचा गोंगाट हाच मोठा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली नुसत्या पश्चिम युरोपचा हिशोब मांडला होता. वाहतुकीच्या आवाजापायी तिथे दरवर्षी निरोगी आयुष्याची किमान दहा लाख वर्षं वाया जातात, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा मोडलेल्या झोपेचा. पण यातून निष्कर्ष काय निघतो? मिक्सरलाही दहानंतर थांबवा, असा. ‘मिक्सर चालतो ना, मग डीजेही चालू दे’ हा निष्कर्ष नळ गळतोय म्हणून टाकीही फोडा म्हणण्यासारखा आहे. आणि ‘दहा दिवस’ हा आकडा तरी कुणी मोजलाय? मुठेच्या काठावर पथकांचा सराव गणपतीच्या महिना-दीड महिना आधी सुरू होतो. मग दहीहंडी, गणपती, नवरात्र, दिवाळी, तीन-चार जयंत्या, निवडणुका, हळदी, आणि आता भाऊ-दादांचे वाढदिवस. मी एकदा कॅलेंडरवर फुल्या मारायला घेतल्या होत्या. मार्चपर्यंत मारल्या आणि सोडून दिलं.

दुसरं म्हणणं परंपरेचं. २०२४ साली हरित लवादाने पुण्यातल्या ढोल-ताशा पथकांवर एका पथकात तीसच वादक अशी मर्यादा घातली, आणि सर्वोच्च न्यायालयाने दोन आठवड्यांत तिला स्थगिती दिली. ढोल-ताशा पुण्याच्या काळजात आहे, वाजवू द्या त्यांना, असं सरन्यायाधीश म्हणाले. माझाही लवादाच्या त्या आकड्यावर विश्वास नाही. तीस ढोल अरुंद बोळात वाजले तर काय होतं आणि शंभर ढोल नदीपात्रात वाजले तर काय, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. डोकी मोजणं सोपं म्हणून डोकी मोजली. ढोल मला आवडतो. टिपरू पडतं तेव्हा अंगावर काटा येतो, खोटं का बोलू. पण परंपरा म्हणायची तर नीट म्हणू या. सार्वजनिक उत्सव सुरू झाला तेव्हा त्याचं बळ मेळ्यांत, म्हणजे पदं गाणाऱ्या पथकांत होतं, पोवाड्यांत होतं, व्याख्यानांत होतं. इंग्रज सरकार मेळ्यांवर डोळा ठेवून होतं ते पदांतल्या शब्दांसाठी. आज मिरवणुकीत शेजारच्याच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी शब्द कळत नाही. सरकारला यात भिण्यासारखं काय उरलंय? पुण्याच्या सीओईपीतले, म्हणजे पूर्वीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले, विद्यार्थी बेलबाग चौकापासून खंडोजीबाबा चौकापर्यंत विसर्जनाच्या दिवशी वर्षानुवर्षं आवाज मोजत आले आहेत. कोविडची वर्षं सोडली तर आकडा बहुतेक वेळा नव्वदीच्या घरात किंवा त्याहून वर. ५५ आणि ९० यांत पस्तिसाचाच फरक दिसतो खरा, पण डेसिबलचं गणित फसवं आहे. दर दहा डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. ८५ म्हणजेच ५५ च्या हजारपट, आणि ९० तर तीन हजारपटीहून जास्त.

तिसरं म्हणणं सर्वांत जड आहे, आणि ते करणारे बहुधा ग्रुपवर नसतात. शांतता कुणाला परवडते? आवाजाचा हक्क महाराष्ट्रात सगळ्यांना कधीच सारखा नव्हता. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या दारात हलगी कडाडवली, त्यांना स्वतःच्या पोराची वरात वाजतगाजत गावातून नेताना अडवलं गेलं. आजही अशी बातमी अधूनमधून येते. अशा माणसाने १४ एप्रिलला चौकात स्पीकर लावला आणि वरच्या मजल्यावरून कुणी ‘किती हा गोंगाट’ म्हणालं, तर त्याला त्यात डेसिबल ऐकू येणार नाहीत. जुनंच काहीतरी ऐकू येईल. पेठेतल्या सनईला ‘मंगल’ म्हणायचं आणि वस्तीतल्या बँजोला ‘धिंगाणा’, हा दुजाभाव आपण रोज करतो. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. शिवाय बेकार पोरांच्या हातात वर्षभरात एकदा येणारी सत्ता म्हणजे ते डीजेच्या मिक्सरचं बटण. हे नाकारून शांततेची चळवळ उभी राहिली तर ती बंगल्यांचीच राहील, आणि तिने तशीच राहावं.

पण याच जागी ‘कुणाचा’ सोडून ‘कुणापर्यंत’ विचारून बघा. भिंती लागतात त्या बंगल्यांच्या ओळीत फार क्वचित. त्या लागतात वस्तीच्या तोंडाशी. दहा बाय बाराच्या पत्र्याच्या खोलीपासून चार फुटांवर. आत कोण असतं? पहाटे तीनला उठून मार्केट यार्डात भाजी आणायला जाणारी बाई. पाचच्या पाळीला झाडू घेऊन निघणारा महापालिकेचा कर्मचारी. एमपीएससीचा तिसरा प्रयत्न करणारी मुलगी. रात्रपाळी करून दुपारी झोपणारा वॉचमन, ज्याला तर दिवसाचे ५५ सुद्धा जास्त होतात. आठव्या मजल्यावरचा माणूस दुहेरी काचेची खिडकी लावतो, एसी चालू करतो, किंवा सरळ चार दिवस कोकणात जातो. शांतता हल्ली चौरस फुटाच्या दरात बसवून विकतात. ज्याला ती विकत घेता येत नाही त्याच्यासाठीच सरकारी आकडा हवा.

तोही आकडा आपण नीट मोजत नाही. नियमातले डेसिबल ‘ए’ मापाचे आहेत. माणसाच्या कानाला खर्जातले सूर कमी ऐकू येतात, म्हणून हे माप ते सूर हिशोबात मुद्दाम कमी धरतं. ६३ हर्ट्‌झच्या आसपास तर तब्बल २६ डेसिबलने. कारखान्याच्या भोंग्याला ते ठीक. डीजेचा सगळा खेळ मात्र खालच्या बेसचा. तो भिंतीतून येतो, दार-खिडकी लावून अडत नाही, आणि कानाआधी छातीत वाजतो. आमच्या तळमजल्यावरच्या काकूंची बायपास झालेली आहे. त्या मला एका रात्री स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. मांडणीवर स्टीलचे डबे ओळीने होते, आणि प्रत्येक ठोक्याला झाकणं किणकिणत होती. रवा, साखर, तूरडाळ, सगळे एका तालात. मी मोबाइलवर आवाज मोजायचं अॅप लावलं. त्यात अडुसष्ट दिसत होतं. काकूंनी माझा हात धरून ओट्याच्या कडप्प्यावर ठेवला आणि म्हणाल्या, “आता हे मोज.” मोबाइलच्या मापावर माझा भरवसा नाही, पण त्या कडप्प्यावर आहे. रस्त्यावरच्या पोलिसाच्या हातातलं यंत्रही बहुतेक वेळा त्या अॅपचंच मोठं भावंड असतं. बेसला वेगळी मर्यादा हवी, आणि मोजणी मांडवाशी नको, सर्वांत जवळच्या घराच्या खिडकीत हवी.

आणि मोजायला सांगणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची तर उंदराने आधी पोलिसांना आपलं नाव-पत्ता द्यायचा, अशी आपली पद्धत. मागे एकदा मी रात्री साडेअकराला कंट्रोल रूमला फोन केला. नाव विचारलं, दिलं. वीस मिनिटांनी बेल वाजली. दारात पोलीस नव्हते, मंडळाचा कार्यकर्ता होता. चांगला मुलगा आहे, आमच्या लिफ्टचं काम त्यानेच मार्गी लावलं होतं. “काका, तुम्हीच फोन केला होता का? आम्हालाच सांगायचं ना.” धमकी वगैरे काही नाही. पण त्यानंतर मी दोन वर्षं फोन केला नाही. हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. संगणकाचा आद्य आराखडा काढणारा चार्ल्स बॅबेज एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये रस्त्यावरच्या वाजंत्र्यांनी त्रासला होता. १८६४ साली तिथे कायदा झाला, पण वाजवणाऱ्याला पकडून द्यायचं तर तक्रारदाराने स्वतः चौकीपर्यंत जाऊन सही करायची. तक्रारी करतो म्हणून लोक बॅबेजच्या दारात मुद्दाम बँड आणून वाजवायचे आणि तो बाहेर पडला की पोरं मागे लागायची. तक्रार करणाऱ्याचं तोंड दाखवणाऱ्या कायद्याने गोंगाट कमी होत नाही, तक्रारी कमी होतात. मग सरकार म्हणतं, तक्रारीच नाहीत!

मुंबई उच्च न्यायालयाने हे ओळखलं होतं. २०१६ साली ठाण्याच्या एका डॉक्टरांच्या याचिकेवर त्याने सांगितलं की लाउडस्पीकर लावणं हा मूलभूत हक्क नाही. २०२५ च्या जानेवारीत कुर्ल्याच्या नेहरूनगरच्या रहिवाशांच्या प्रकरणात त्याहून कामाची गोष्ट सांगितली: तक्रारदाराची ओळख फोडू नका, आधी समज, मग दंड, मग यंत्रणा जप्त. निकाल चोख आहे. तरीही सुरुवात तक्रारीपासूनच आहे, आणि मला तीच खटकते.

‘लोकांची सवय आहे, बदलणार नाही’ म्हणणाऱ्यांनी सिगारेट आठवावी. एसटीत, सिनेमाच्या थिएटरात, डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये लोक बिनदिक्कत धूर सोडायचे. ‘त्रास होत असेल तर तुम्ही उठा,’ हे उत्तर मी लहानपणी माझ्या आजोबांना मिळालेलं पाहिलंय. मुरली देवरांच्या याचिकेवर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली. बदल दिसायला लागला २ ऑक्टोबर २००८ च्या नियमांनंतर. त्यातली कळीची गोष्ट अशी की जागेच्या मालकाला, मॅनेजरला जबाबदार धरलं. तुझ्या हॉटेलात कुणी ओढली आणि तू काही केलं नाहीस, तर दंड तुला. झालं. शेजारच्या टेबलावरच्या गिऱ्हाइकाला भांडावं लागलं नाही, वेटरच येऊन सांगायला लागला.

तसंच इथे करायला काय हरकत आहे? परवानगीच्या कागदावर एका माणसाचं नाव, फोन आणि वेळ. तो कागद मांडवाच्या दर्शनी भागावर, बांधकामाच्या पत्र्यावर, हॉलच्या गेटवर लावलेला. स्पीकर भाड्याने देणाऱ्याच्या यंत्रणेत आवाज ठरावीक मर्यादेवर गेला की वीज तोडणारा लिमिटर. ही काही चंद्रावरची गोष्ट नाही, परदेशात कित्येक हॉलमध्ये ती असते. नोंद यंत्रात राहील, पोलिसाच्या आठवणीवर नको. पर्यावरण कायद्यातल्या तुरुंगाच्या शिक्षेमुळे खटले वर्षानुवर्षं रखडत. १ एप्रिल २०२४ पासून त्याजागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आलाय, आणि तो अधिकाऱ्याने ठरवायचा आहे. तो लावताना पहिली पावती मंडळाच्या पोराला फाटू नये. ज्याचा फोटो त्या भिंतीमागच्या फ्लेक्सवर सर्वांत मोठा आहे त्याला फाटावी, आणि बिल्डरच्या मिक्सरलाही त्याच पुस्तकातली.

गेल्या महिन्यात मागच्या गल्लीत हळद होती. सण नाही, जयंती नाही, पंधरा दिवसांच्या यादीत कुठेच नाही. पावणेअकराला मी दोन वर्षांनी पुन्हा फोन लावला. या वेळी समोरच्या बाईंनी नाव विचारलं नाही, फक्त जागा विचारली. मला बरं वाटलं. बीट मार्शलची मोटरसायकल आली, गाणं मध्येच तुटलं, गल्लीत एकदम कुत्र्यांचं भुंकणं ऐकू आलं. खाली काकूंच्या घरातला दिवा मालवला. मीही आडवा झालो. अकरा दहाला मोटरसायकल गेल्याचा आवाज आला आणि अकरा बाराला डबे पुन्हा वाजायला लागले.